घर देऊ नका, जामीन राहा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापूस, ज्वारी आणि पीककर्जावर बोलणं झालं. माझ्याकडे दिलेला विषय वेगळा आहे. फौजेतल्या आणि फौजेतून परतलेल्या माणसांच्या घरांना सरकारनं काय मदत करावी, हा तो विषय. शेतकऱ्यांच्या बैठकीत फौजेचा विषय कशाला, असं मघाशी दोघा-तिघांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे.

पहाटे पाचला आपल्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर उभं राहून बघा. सोळाशे मीटर पळायचा सराव करणारी पोरं कोणाची आहेत? व्यापाऱ्याची नाहीत, कारखानदाराची नाहीत, साहेबाची नाहीत. ती कोरडवाहू शेतकऱ्याची आणि शेतमजुराची आहेत. पाच एकरात दोन भावांचं भागत नाही. एक भाऊ नांगराच्या मागं राहतो, दुसरा भरतीच्या रांगेत उभा राहतो. शेती परवडत नाही म्हणून तो सीमेवर जातो, आणि त्याची मनिऑर्डर येते तेव्हा कुठं शेतात बियाणं पडतं. जवान आणि किसान अशी दोन नावं आपण घेतो खरी, पण घर एकच असतं.

हा पोरगा परत येतो तेव्हा काय होतं, हे आज मला बोलायचं आहे. जुन्या पद्धतीनं भरती झालेला जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पस्तीस-चाळिशीत घरी येतो. नोकरीत असताना क्वार्टर मिळालं असेल तर ते नोकरीबरोबर सुटतं. गावात बापाचं मातीचं घर असतं, त्यात भावाचा संसार असतो. मुलं शाळेत असतात. पेन्शन असते, पण अंगावरचं छप्पर नव्यानं उभं करायचं असतं.

नव्या पद्धतीचा पोरगा तर त्याहून लवकर येतो. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम सेवेत घेतली जातात, बाकीची घरी. येताना योजनेच्या मूळ हिशेबाप्रमाणं सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात. त्यातली निम्मी रक्कम पोराच्याच पगारातून कापलेली. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला आत गेली, म्हणजे तिची चार वर्षं २०२६-२७ मध्ये भरतात. बावीस-पंचवीस वर्षांचा, शिस्तीत वाढलेला, चार वर्षं देशासाठी दिलेला तरुण. त्यानं त्या पैशात घर बांधावं, विहीर खणावी, की बहिणीचं लग्न करावं?

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर आहे: सरकारनं घरं बांधून द्यावीत. मी आज उलटं सांगायला उभा आहे. सरकारनं घर देऊ नये. सरकारनं जामीन राहावं. आणि हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. एका देशानं ते केलेलं आहे, त्याचा चांगला आणि वाईट दोन्ही हिशेब लिहिलेला आहे. तो आज तुमच्यापुढं मांडतो.

चिखलातले सैनिक

अमेरिकेचा माणूस पहिल्या महायुद्धातून परत आला तेव्हा त्याच्या हातावर फारसं काही पडलं नाही. त्यांच्या संघटनांनी ओरड केली, तेव्हा १९२४ मध्ये एक कायदा झाला. मायदेशातल्या सेवेच्या दर दिवसाला एक डॉलर आणि परदेशातल्या सेवेच्या दिवसाला सव्वा डॉलर, असा हिशेब मांडून बहुतेकांच्या हातात एक प्रमाणपत्र दिलं. पैसे मिळणार १९४५ मध्ये! एकवीस वर्षांनी पिकणारी हुंडी.

१९२९ नंतर मंदी आली. कारखाने बंद झाले, शेतमालाचे भाव कोसळले, बँका बुडाल्या. माजी सैनिक म्हणाले, मेल्यावर पैसे घेऊन काय करू, आत्ता द्या. १९३२ च्या उन्हाळ्यात वीस हजारांच्या आसपास माजी सैनिक राजधानी वॉशिंग्टनला पोचले. कोणी मालगाडीतून आला, कोणी पायी आला, कित्येकांबरोबर बायका-पोरं होती. नदीकाठच्या चिखलात फळ्या, पत्रे आणि फाटके तंबू टाकून ते बसले. मागणी मान्य करणारा ठराव प्रतिनिधीगृहात मंजूर झाला, सिनेटमध्ये पडला. २८ जुलै १९३२ ला पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिक मेले. त्याच दिवशी जनरल मॅकआर्थरच्या हाताखाली घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन फौज आली. कालच्या सैनिकावर आजचा सैनिक सोडला. झोपड्या जळाल्या.

पण प्रश्न जळला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष हूव्हर निवडणूक हरले. १९३६ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी, म्हणजे रूझवेल्ट यांनी, नकाराधिकार वापरला असतानाही संसदेनं तो ओलांडून पैसे देण्याचा कायदा केला. आणि दुसरं महायुद्ध आलं तेव्हा प्रत्येक पुढाऱ्याच्या मनात ते चित्र होतं. या वेळी १ कोटी ६० लाख माणूस गणवेशात होतं. तो सगळा परत येऊन नदीकाठी बसला तर?

भावांनो, तो कायदा दयेतून आला नाही. तो त्या चिखलातून आला. एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे पुढचं समजतं.

ब्रिटनची वाट आणि अमेरिकेची वाट

आधी ब्रिटनचं सांगतो. पहिलं महायुद्ध संपताच तिथले पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी वीरांना राहण्याजोगा देश करू असं वचन दिलं. १९१९ मध्ये घरबांधणीचा कायदा झाला. नगरपालिकांनी घरं बांधायची, तोटा सरकारनं सोसायचा, तीन वर्षांत ५ लाख घरं, अशी घोषणा झाली. बांधलेली घरं चांगली होती, हे मान्य केलं पाहिजे. पण सिमेंट-विटांचे भाव चढले, तिजोरी आकसली आणि १९२१ मध्ये सरकारनं हात आखडता घेतला. या कायद्याखाली घरं झाली सुमारे २ लाख १३ हजार. बाकीचे रांगेत राहिले. सरकार बांधणार म्हटलं की घर सरकारच्या तिजोरीवर अवलंबून राहतं. तिजोरी आटली की घर आटलं.

अमेरिकेनं १९४४ मध्ये दुसरी वाट धरली. अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना. तिचे माजी अध्यक्ष, कॅन्ससचे वकील हॅरी कोल्मरी यांनी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात बसून कायद्याचा पहिला मसुदा हातानं लिहिला. सरकारी खात्याची वाट पाहिली नाही. आपली मागणी आपणच कलमांत बसवली. हे आपण शिकण्यासारखं आहे. आपण निवेदन देतो, मोर्चा काढतो, आणि कलम लिहायचं काम मंत्रालयावर सोडतो. मग कलमात काय निघतं, ते तुम्हाला माहीत आहे.

तो मसुदाही सहज पार पडला नाही. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत प्रतिनिधीगृहाच्या सदस्यांत बरोबरी झाली आणि घोडं अडलं. जॉर्जियाचे प्रतिनिधी जॉन गिब्सन आजारी म्हणून घरी होते. त्यांना शोधून रातोरात मोटारीनं आणि विमानानं राजधानीला आणलं, तेव्हा त्यांच्या मतावर कायदा तरला. २२ जून १९४४ ला रूझवेल्ट यांनी सही केली. बेकारी भत्ता, शिक्षण आणि कर्जाची हमी हे त्याचे मोठे भाग. मी तिसऱ्यावरच बोलणार आहे.

जामीन म्हणजे नेमकं काय

आपल्याला जामीन हा शब्द समजावून सांगायला नको. सोसायटीचं कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागतात. ज्याला जामीनदार मिळत नाही त्याला कर्ज मिळत नाही, मग त्याचं पीक कितीही चांगलं असो. अमेरिकेच्या सरकारनं एवढंच केलं, की सैनिकाच्या पाठीमागं जामीनदार म्हणून स्वतः उभं राहिलं.

पूर्वी तिथं घरासाठी कर्ज कसं मिळायचं? घराच्या किमतीच्या साधारण निम्मं. मुदत पाच-दहा वर्षं. दरम्यान व्याज भरायचं आणि शेवटी मुद्दल एकरकमी. मंदीत हे सगळं कोसळलं आणि १९३३ मध्ये दिवसाला सुमारे हजार घरं जप्त होत होती. १९३४ मध्ये सरकारनं घरकर्जाचा विमा काढायला सुरुवात केली, मुदत वाढली, हप्ते पडले. तरी सुरुवातीला पदरचे पैसे लागायचेच. सैनिकाकडं ते कुठून येणार? ज्या वयात माणूस पैसे साठवतो त्या वयात तो खंदकात होता.

१९४४ च्या कायद्यानं ठरवलं: सैनिकाच्या कर्जाच्या निम्म्या रकमेला सरकार जामीन, कमाल २,००० डॉलर. व्याज ४ टक्क्यांहून जास्त नाही. हमी दिलेल्या भागावरचं पहिल्या वर्षाचं व्याज सरकार भरणार. पात्रता काय? युद्धकाळात ९० दिवसांची सेवा आणि गैरवर्तनाबद्दल हाकललेला नसावा. ९० दिवस, भावांनो! पंधरा वर्षं नाहीत, चार वर्षंही नाहीत. १९४५ च्या डिसेंबरात सुधारणा झाली. स्थावरासाठी हमी ४,००० डॉलरपर्यंत गेली, घराच्या कर्जाची मुदत २५ वर्षं आणि शेतीच्या कर्जाची ४० वर्षं झाली. १९५० मध्ये घराची हमी कर्जाच्या ६० टक्के आणि कमाल ७,५०० डॉलर झाली. सेवेमुळं मृत्यू आलेल्या सैनिकाच्या, पुनर्विवाह न केलेल्या विधवेलाही हा हक्क मिळाला.

शेतीच्या कर्जाची, असं मी म्हणालो ते तुमच्या कानात गेलं असेल. तो कायदा नुसत्या घराचा नव्हता. घर, शेती किंवा धंदा, तिन्हींसाठी हमी होती. शेतीत जमीन आली, जनावरं आली, अवजारं आली, गोठा-कोठार आलं. सैनिकाला शहरात राहायचं असेल तर घर, गावाकडं जायचं असेल तर शेत. काय हवं ते तो ठरवणार. घरकुलाच्या योजनेत नकाशा सरकारचा, माप सरकारचं, यादी सरकारची. जामिनात सरकार मागं उभं राहतं आणि माणूस पुढं चालतो.

आता यात सरकारचा खर्च किती? हप्ते सैनिक फेडतो. हमीवर हात घालायची वेळ कर्ज बुडालं तरच येते. मी शेतकी पदवीचा माणूस आहे, मला यावर आपल्या काळ्या जमिनीचं उदाहरण आठवतं. रब्बी ज्वारीला पाऊस पडत नाही. ती सप्टेंबरात जिरलेल्या ओलीवर उभी राहते. ओल वरून दिसत नाही, पण ती नसेल तर पीक पोटरीत येण्याआधीच वाळतं. जामीन ही तशी ओल आहे. दिसत नाही, वाटली जात नाही, तिच्यासमोर फोटो काढता येत नाहीत. म्हणूनच पुढाऱ्यांना ती आवडत नाही.

१९४४ ते १९५२ या काळात या हमीवर सुमारे २४ लाख घरांची कर्जं दिली गेली. ब्रिटनच्या आकड्याशी ताडून बघा. देश मोठा होता, काळ वेगळा होता, हे सगळं धरूनही फरक डोळ्यात भरतो. आजवर या योजनेखाली अडीच कोटींहून जास्त कर्जांना हमी मिळाली आहे आणि ती आजही चालू आहे.

बटाट्याच्या रानात वसलेलं गाव

घरं कुठं झाली, तेही सांगतो. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याचं मोठं पीक होतं. १९४१ मध्ये तिथल्या बटाट्याच्या मुळांवर सोनेरी सूत्रकृमी सापडला. हा कृमी मातीत गाठी करून वर्षानुवर्षं जिवंत राहतो. उत्पन्न घटलं, बंधनं आली, शेतकरी जमिनी विकायला तयार झाले. त्या रानात १९४७ पासून लेव्हिट नावाच्या बांधकाम कंपनीनं कारखान्यात माल तयार व्हावा तशी घरं उभी केली. जोरात काम चालू असताना दिवसाला तीसच्या वर. १९५१ पर्यंत सतरा हजारांवर घरं झाली. १९४९ मध्ये घराची किंमत ७,९९० डॉलर, माजी सैनिकाला आधी काही भरायचं नाही, महिन्याचा हप्ता साठ डॉलरच्या आत. भाड्यापेक्षा हप्ता स्वस्त!

इथं एक हिशेब पाहा. ७,९९० च्या कर्जातल्या निम्म्या रकमेला सरकार जामीन. उरलेल्या निम्म्यासाठी बँकेकडं घर तारण. म्हणजे बँकेचा धोका निम्म्यावर आला, पण शून्यावर आला नाही. धोका शून्य असता तर बँकेनं कोणालाही, कशासाठीही पैसे दिले असते. थोडा धोका तिच्याच अंगावर राहिल्यानं तिनं माणूस पारखला. त्याशिवाय सरकारचा मूल्यमापक आधी घराची वाजवी किंमत ठरवायचा. बिल्डरनं पाच हजाराचं घर आठ हजाराला सांगितलं तर हमी नाही. बिल्डरांची लबाडी तरीही झाली, त्यावर संसदेच्या चौकशा बसल्या. पण पकडायला माप होतं.

लोक म्हणतात, जामीन सरकार असेल तर सगळे कर्ज बुडवतील. २००८ च्या आसपास अमेरिकेत घरकर्जाचा मोठा फुगा फुटला. त्या पडझडीत माजी सैनिकांच्या हमीच्या कर्जांत जप्तीचं प्रमाण इतर बहुतेक प्रकारांच्या मानानं कमी राहिलं. पदरचा पैसा न घालता घर घेणारेच त्यात जास्त होते, तरीही. कारण किंमत तपासलेली होती, मिळकत तपासलेली होती, आणि हप्ता थकला तर जप्तीआधी मार्ग काढायला सरकारी माणूस मध्ये पडत होता. गरीब माणूस कर्ज बुडवतो ते नियत वाईट म्हणून नाही. हिशेब आधीच चुकीचा मांडलेला असतो म्हणून.

कापसाच्या मुलखात काय झालं

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, अमेरिकेनं सगळं गोमटं केलं. तसं नाही. आता मिसिसिपीकडं जाऊ. मिसिसिपी म्हणजे कापसाचा मुलूख. गोऱ्या मालकांची रानं, काळ्या बटाईदारांचे हात. दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक काळे अमेरिकन गणवेशात होते. कायद्यात काळा-गोरा असा शब्द नव्हता. कागदावर हक्क सगळ्यांना सारखा.

पण त्या कायद्यावर प्रतिनिधीगृहाच्या समितीचा जो अध्यक्ष होता, तो मिसिसिपीचाच जॉन रँकिन. काळ्यांच्या समान हक्कांचा उघड विरोधक. कारभार राज्यांच्या आणि स्थानिक लोकांच्या हातात राहावा, यावर त्याचा भर होता. सरकार फक्त हमी देणार, कर्ज द्यायचं की नाही ते गावची बँक ठरवणार. आणि गावची बँक कोणाची? १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांची पाहणी झाली. घर, शेती आणि धंद्यासाठी हमीची ३,२२९ कर्जं दिलेली होती. त्यातली काळ्या माजी सैनिकांना किती? दोन.

दोनशे नाही. दोन. जामीन उभा होता, पण खिडकीवर बसलेल्या माणसानं अर्जच आत घेतला नाही.

लाँग आयलंडच्या त्या गावातही तेच. घराच्या करारात कलम होतं, की गोऱ्यांखेरीज कोणाला इथं राहू देऊ नये. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी कलमं न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत असं सांगितलं, तरी बिल्डरनं काळ्यांना घर विकलं नाही. घर खरेदीतल्या वर्णभेदाला देशभर कायद्यानं बंदी व्हायला १९६८ साल उजाडलं. तोवर एक पिढी गेली होती. ज्याला १९४७ मध्ये घर मिळालं त्याच्या नातवाला आज त्या घराची किंमत मिळते. ज्याच्या तोंडावर खिडकी बंद झाली त्याचा नातू आजही भाड्यानं राहतो. एका पिढीला नाकारलेलं कर्ज तीन पिढ्या फेडतात.

ही गोष्ट परदेशाची म्हणून सोडून देऊ नका. आपल्या गावात फौजेतून आलेला माणूस दलित वस्तीतला असेल, भटक्या समाजातला असेल, किंवा जवानाची विधवा असेल, तर बँकेची, तलाठ्याची आणि ग्रामपंचायतीची खिडकी तिच्यासाठी तेवढीच उघडी असते का? उत्तर मी देत नाही. तुम्हीच मनात द्या.

आपल्याकडे काय आहे

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. नोकरीतल्या जवानांच्या कुटुंबांसाठी क्वार्टर बांधायची मोठी योजना २००२ मध्ये सुरू झाली. १९७८ पासून लष्कराची गृहनिर्माण कल्याण संस्था आहे. ना नफा ना तोटा तत्त्वावर ती घरं बांधते. पैसा सैनिकाचाच, आणि घरं शहरांतली. म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिकांसाठी राखीव हिस्सा असतो, तोही शहरात. २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ केली. चांगली गोष्ट आहे. पण घरपट्टी माफ व्हायला आधी घर लागतं.

गावाकडच्या सैनिकाचं काय? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून सपाट मुलखात घरामागं १ लाख २० हजार रुपये मिळतात. पण ती योजना अतिगरिबांसाठी आहे. ठरावीक मिळकतीच्या वरचं घर त्यात बसत नाही, त्यामुळं पेन्शनवाला जवान बहुधा बाहेर पडतो. तो गरिबांच्या यादीत नाही आणि शहरातल्या सदनिकेच्या रांगेतही नाही. मधल्यामध्ये लटकलेला आहे.

मग तो बँकेत जातो. बँक विचारते, जागेचा कागद दाखवा. गावठाणातल्या घराचा त्याच्याकडं कागद कोणता? ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नाही, असं बँक सांगते. शेतात घर बांधतो म्हणावं तर बिगरशेतीचा प्रश्न, आणि सातबारावर बापाचं नाव, नाहीतर आजोबाचं. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देण्याचं काम चालू आहे. ज्या गावात ती पत्रिका हातात पडली तिथं निदान बोलायला जागा झाली. जिथं नाही तिथं जामीन कितीही मोठा असला तरी तारण काय ठेवणार?

आणि सरकारला जामीन राहता येत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा ट्रस्ट केंद्र सरकारनं सिडबीला बरोबर घेऊन २००० सालीच काढला आहे. कारखान्याच्या शेडला जामीन राहता येतं, तर चार वर्षं बर्फात उभ्या राहिलेल्या पोराच्या छपराला का नाही?

मागायचं काय

म्हणून मागणी नेमकी करू. सैनिकांना घरं द्या, अशी मोघम मागणी केली की एक घोषणा होते, एक फलक लागतो आणि यादीत पुढाऱ्याचे पाव्हणे शिरतात.

पहिली गोष्ट, हक्क सेवेच्या दिवसांवर मोजा, दर्जाच्या शिक्क्यावर नको. चार वर्षं करून आलेला अग्निवीर त्यात आलाच पाहिजे. अमेरिकेनं ९० दिवस धरले होते.

दुसरी, घर, शेती किंवा धंदा यातल्या सैनिक निवडील त्या कामाच्या कर्जाला सरकारनं ठरावीक हिश्शाचा जामीन राहावं. कोणाला घर हवं असेल, कोणाला विहीर आणि ठिबक, कोणाला शेळ्यांचा गोठा. त्याच्या गरजा त्याला कळतात.

तिसरी, गावठाणाची मिळकत पत्रिका सैनिकांच्या घरांना आधी द्या, आणि त्यावर बायकोचंही नाव घाला. पोरगा सीमेवर असताना घर सांभाळलं ते तिनं.

चौथी, घराची किंमत आणि बांधकामाची प्रत तपासणारा माणूस बिल्डरच्या आणि बँकेच्या बाहेरचा असावा.

पाचवी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. बँकेनं नकार दिला तर कारण लेखी द्यावं, आणि दरवर्षी जिल्ह्यात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, त्यात विधवा किती, दलित-आदिवासी-भटके किती, हा तक्ता जाहीर लावावा. मिसिसिपीचा तो दोनचा आकडा कोणीतरी मोजला म्हणून जगाला कळला. जे मोजलं जात नाही ते झालंच नाही असं सरकार म्हणतं.

एक इशाराही देतो. जामीन हे सगळ्याच दुखण्याचं औषध नाही. ज्याला हप्ता फेडता येत नाही, जो युद्धात मनानं किंवा शरीरानं मोडला, त्याला कर्ज देऊन भागत नाही. अमेरिकेतही हमीची योजना असताना २०१० च्या मोजणीत सुमारे ७४ हजार माजी सैनिक बेघर सापडले. मग भाड्याची मदत आणि त्याबरोबर दवाखाना व समुपदेशन, असा जोडकार्यक्रम त्यांनी नेटानं चालवला. २०२४ च्या मोजणीत आकडा ३३ हजारांच्या आत आला. कोणाला जामीन हवा आणि कोणाला थेट आधार हवा, हे वेगळं ओळखता आलं पाहिजे. दोघांना एकाच रांगेत उभं केलं की दोघंही उपाशी राहतात.

आता आपलं काम. निवेदन लगेच लिहायचं नाही. आधी मोजायचं. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी पुढच्या जिल्हा बैठकीआधी आपल्या गावांतल्या फौजी घरांची यादी करावी. निवृत्त जवान, विधवा, आणि परतलेले किंवा परतणार असलेले अग्निवीर, सगळे. प्रत्येकाच्या नावापुढं चारच रकाने ठेवा. राहतं घर कोणाच्या नावावर आहे? मिळकत पत्रिका मिळाली का? बँकेकडं कर्ज मागितलं का? नकार मिळाला असेल तर काय कारण सांगितलं? दलित वस्ती आणि तांडा वगळून केलेली यादी मी घेणार नाही. माजी सैनिकांच्या ज्या संघटना जिल्ह्यात आहेत त्यांना बरोबर घ्या. त्यांच्याकडं शिस्त आहे, आपल्याकडं माणसं आहेत.

याद्या आल्या की कलमं आपण इथंच बसून लिहू. मग ती घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडं आणि आमदार-खासदारांकडं जाऊ. मागणी लेखी असेल, पुरावा हातात असेल, आणि सरकारकडं घराची भीक मागितलेली नसेल. आमच्या पोरानं तुमच्यासाठी जीव पणाला लावला, तुम्ही त्याच्यासाठी सही पणाला लावा, एवढंच आपलं म्हणणं असेल.